भंगारातलं शिसं आणि जाळ्याच्या गोळ्या: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

उजनी, हिप्परगा आणि भीमेच्या काठावर पाग (फेकून टाकायचं, कडेला वजनं लावलेलं गोल जाळं) टाकणारे आणि गळ लावणारे लोक घरी गोळ्या ओतायच्या म्हणून शिसं शोधत असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एका पागाला किती शिसं लागतं? घरी ओतणं परवडतं का?

पागाच्या उंचीच्या दर फुटाला ४५० ते ७०० ग्रॅम शिसं धरा. उथळ आणि संथ पाण्यात कमी चालतं. खोल पाण्यात जाळं लवकर तळाला बसायला हवं, म्हणून तिथे जास्त लागतं. ८ फुटी पागाला साडेतीन ते साडेपाच किलो होतं. ४ किलो धरलं, तर २० ग्रॅमच्या २०० गोळ्या झाल्या. ८ फुटी पागाचा घेर सुमारे १५ मीटर असतो, म्हणजे दर साडेसात सेंटीमीटरला एक गोळी.

गोल गोळीचा व्यास १० मिलीमीटर असेल तर वजन ६ ग्रॅम, १५ मिलीमीटरला २० ग्रॅम, २० मिलीमीटरला ४७ ग्रॅम आणि २५ मिलीमीटरला ९३ ग्रॅम. व्यास दुप्पट केला की वजन आठपट होतं. साचा करून घेताना बरेच जण इथेच चुकतात.

एकच पाग दुरुस्त करायचा असेल तर जाळ्याच्या दुकानातून तयार गोळ्या आणा. साचा, कढई, मास्क आणि गॅस यांचा खर्च दोन-चार किलोत निघत नाही. चार-पाच पाग असतील, किंवा गटाने मिळून काम करणार असाल, तर ओतण्यात अर्थ आहे.

२. सोलापुरात स्वस्त शिसं कुठे शोधायचं?

पंक्चरवाल्याकडे नाही, व्हील बॅलन्सिंग करणाऱ्याकडे. पुणे रोड, हैदराबाद रोड आणि विजापूर रोडला टायरची मोठी दुकानं आहेत. तिथे चाकाचा तोल साधायला लावलेली आणि रिमवरून काढलेली वजनं डब्यात पडलेली असतात. काही दुकानदार तीच पुन्हा लावतात, म्हणून मोडकी आणि वाकडी वजनं मागा. रोज किलोभरही जमत नाही. महिन्याला येऊन उचलतो असं ठरवून ठेवलं तर डबा तुमच्यासाठी राहतो.

दुसरी जागा म्हणजे जुनं प्लंबिंग उखडणारे. बिडाच्या जुन्या पाइपांचे सांधे ताग ठोकून वर शिसं ओतून केलेले असत. त्या सांध्यातलं शिसं मऊ आणि बहुतेक शुद्ध असतं. घर किंवा गिरणीची इमारत पाडणाऱ्या ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते पाइपासकट बिडाच्या भावात जातं.

तिसरी जागा एक्स-रे खोलीच्या भिंतीतला शिशाचा पत्रा. दवाखाना हलतो किंवा नूतनीकरण होतं तेव्हा तो निघतो. एक्स-रे अडवून शिसं स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे पत्र्याला घाबरायचं कारण नाही. मात्र शिशाचं जाड भांडं, डबा किंवा बंद नळकांडं दिसलं आणि त्यावर तीन पाकळ्यांचं किरणोत्साराचं चिन्ह असलं, तर हात लावू नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे एकाचा जीव गेला आणि अनेक जण आजारी पडले. अशी वस्तू दिसली तर लांब व्हा आणि ११२ वर कळवा.

यंत्रमागाच्या भंगारात शिसं मिळेल ही आशा सोडा. जॅकार्डला (मागावर नक्षी विणायच्या यंत्राला) लोंबणाऱ्या सळया लोखंडी असतात, चुंबक लावला की कळतं.

भंगारवाल्याकडे जाताना ‘शिसं आहे का’ एवढंच विचारू नका. तो बॅटरीच दाखवतो, आणि बॅटरी आपल्याला नको आहे (प्रश्न ५).

३. किलोला किती भाव द्यावा?

गेल्या काही वर्षांत वायदेबाजारात शुद्ध शिसं किलोला साधारण १७० ते २०० रुपयांच्या दरम्यान फिरलं आहे. जाण्याआधी एमसीएक्स या वायदेबाजाराचा त्या दिवसाचा भाव मोबाइलवर बघून जा. भंगाराचा भाव त्याहून कमी असायला हवा. किती कमी, हे माल किती स्वच्छ आहे त्यावर ठरतं.

हिशेब नेहमी वितळवून हाती येणाऱ्या शिशावर करा. समजा टायरची वजनं १३० रुपयांनी १० किलो घेतली. लोखंडी क्लिपा, माती आणि जस्त जाऊन साडेआठ किलो उरलं, तर खरा भाव १५३ रुपये पडला. सांध्यातलं स्वच्छ शिसं १५० ने मिळत असेल, तर ते स्वस्त आणि डोकेदुखीही कमी. कमी भावाला भुलणाऱ्याची फसगत बहुधा घटीत होते.

४. हातातला तुकडा शिशाचाच आहे हे कसं ओळखायचं? जस्त आणि कथील सारखंच दिसतं.

रंगावर जाऊ नका, जुनं झालं की तिन्ही करडी दिसतात. या क्रमाने तपासा.

चुंबक चिकटला तर लोखंड.

नखाने ओरखडा उमटला आणि कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ आली, तर मऊ शिसं. रेघ फिकी आणि नख घसरलं, तर त्यात अँटिमनी (शिसं टणक करणारा धातू) आहे.

फरशीवर टाकल्यावर ‘धप्प’ वाजलं तर शिसं, ‘टण्’ वाजलं तर जस्त किंवा कठीण मिश्रण.

वाकवताना कानाशी धरा. चरचर ऐकू आली तर कथील. कल्हईवाले वापरतात ते हेच. ते शिशाच्या कितीतरी पट महाग आहे, म्हणून सापडलं तर गोळ्यांत घालवू नका. उलटही लक्षात ठेवा: शिसं किंवा डाग द्यायचं मिश्रण कल्हईसाठी कोणाला देऊ नका, ते सरळ जेवणात उतरतं.

शंका राहिलीच तर घनता काढा. तुकड्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटीमीटर त्याचं आकारमान. ३४० ग्रॅमच्या तुकड्याला काटा ३० ने वाढला, तर घनता ११.३ आली, म्हणजे शिसं. जस्ताची ७.१ आणि कथिलाची ७.३ येते. मधला आकडा आला तर मिश्रण समजा.

५. घरात जुनी इन्व्हर्टरची बॅटरी पडून आहे. ती फोडून शिसं काढू का?

नाही. यात ‘सावधगिरीने करा’ असला पर्यायच नाही.

बॅटरीत दिसणारं सगळं शिसं धातू नसतं. प्लेटांवरचा बराचसा भाग शिशाचा ऑक्साइड आणि सल्फेट असतो. शेगडीवर तो वितळत नाही, त्याची विषारी धूळ होते. धातूच्या जाळीत अँटिमनी, कॅल्शियम किंवा थोडं आर्सेनिक असतं. ती वितळवताना वर येणारी मळी ओली झाली तर आर्साइन आणि स्टिबाइन हे अतिशय विषारी वायू सुटू शकतात. शिवाय गंधकाम्ल आहेच.

कायद्यानेही हे चालत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायची असते. व्यवहारही तोच सांगतो: नवी बॅटरी घेताना जुनीचे चांगले पैसे वजा होतात. त्या पैशात स्वच्छ शिसं घ्या.

६. टायरची वजनं आणली, पण त्यात जस्त आणि लोखंड खूप निघालं. वेगळं कसं करू?

थंड असतानाच निवडा. आधी चुंबक फिरवा. मग प्रत्येक वजनावरची अक्षरं बघा, जस्तावर बहुधा झेडएन आणि लोखंडावर एफई कोरलेलं असतं. उरलेल्यांना कटिंग पकडीने चावा. शिशात पकड सहज रुतते, जस्तावर नुसता चरा उठतो. पाच किलोला अर्धा तास लागतो.

एखादं नजरेतून सुटलं तर तापमान वाचवतं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. कढई ३८० च्या वर जाऊ दिली नाही, तर जस्ताची वजनं आणि क्लिपा तरंगत राहतात आणि झाऱ्याने काढता येतात. मोठ्या आचेवर घाई केली की जस्त विरघळतं (प्रश्न १३).

चिकटपट्टीची वजनं वेगळी ठेवा. त्यांचं शिसं जवळजवळ शुद्ध आणि मऊ असतं. क्लिपवाल्यांत दोन-तीन टक्के अँटिमनी असते.

७. बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे (छपाईची धातूची अक्षरं) मिळताहेत. चालतील?

वितळतील, पण पागासाठी योग्य नाहीत. खिळ्यांच्या धातूत अँटिमनी आणि कथील भरपूर असतं. लायनोटाइप यंत्रावर अख्ख्या ओतलेल्या ओळींत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील, तर सुट्या खिळ्यांत अँटिमनी आणखी जास्त. गोळी टणक होते आणि दाबली की तुटते. मऊ शिसं साच्यात नीट भरत नसेल तर दहा किलोला अर्धा किलो मिसळा, फरक लगेच दिसतो.

देवनागरी खिळ्यांचा पूर्ण संच हाती आला, तर तो वितळवू नका. जुळणी करणारे आणि संग्राहक त्याला शिशाच्या भावाहून जास्त किंमत देतात.

८. कढई, शेगडी, मास्क: नेमकं काय काय लागतं?

बिडाची किंवा जाड लोखंडी कढई, पाच किलो शिशाला दोन लिटरची पुरते. अॅल्युमिनियमचं भांडं नको, तापल्यावर ते मऊ पडतं आणि दहा किलोचा ऐवज पायावर येतो. जस्ताचा मुलामा असलेली बादलीही नको, कारण मुलाम्याचं जस्त शिशात उतरतं. लोखंडी पळी आणि झारा वेगळे घ्या. एकदा शिशाला लावलेलं भांडं स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नका, घासून-पुसूनसुद्धा नाही.

रुंद बुडाची, न हलणारी शेगडी जमिनीवर ठेवा. तापमानासाठी के-टाइप तारेचा डिजिटल थर्मामीटर घ्या, या यादीत सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

अंगावर सुती पूर्ण बाह्या, सुती पँट बुटांवरून खाली सोडलेली, चामड्याचे बूट आणि हातमोजे, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल. नायलॉन किंवा टेरिकॉट कपडा कातडीला चिकटतो. मास्क अर्ध्या चेहऱ्याचा, पी-१०० गाळणीचा हवा.

९. वितळवण्यापासून गोळीपर्यंतच्या पायऱ्या सांगा.

जागा उघडी पण पावसापासून सुरक्षित, वारा पाठीमागून येणारा. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरका. उकाड्यात लोक ढाल आणि मोजे काढून टाकतात, आणि मग भाजतात.

भंगार आदल्या दिवशी उन्हात वाळवा. थंड कढईत कोरडं भंगार घालून मंद आचेवर सुरुवात करा. सगळं वितळल्यावर ३५० ते ३८० वर स्थिर करा आणि तरंगणाऱ्या क्लिपा काढा.

आता सुपारीएवढा मेणाचा तुकडा टाका. धूर येईल, तो काडीने पेटवून द्या. कोरड्या लाकडी काठीने तळापासून दोन मिनिटं ढवळा. यामुळे ऑक्साइडचा काही भाग पुन्हा धातू होतो आणि घाण वर येते. करडी मळी झाऱ्याने काढा. मेण आणि ढवळणं पुन्हा एकदा करा. मळी काढण्याआधी मेण टाकायचं विसरलात, तर चांगलं शिसंही मळीबरोबर जातं.

स्वच्छ झालेलं शिसं आधी विटांच्या आकारात ओतून ठेवणं सोयीचं. ४० बाय ४० बाय ५ मिलीमीटरचा लोखंडी अँगल घ्या, सहा इंचाच्या तुकड्याची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद करा आणि खाली पाय लावा. काठोकाठ भरला की साधारण एक किलोची वीट होते. प्रत्येक विटेवर खिळ्याने खूण करा: ‘मऊ’, ‘टायर’, ‘खिळे’. महिन्यानंतर सगळ्या सारख्याच दिसतात.

गोळ्या ओतताना शिसं ३८० ते ४०० वर, साचा तापलेला. पळीने एका दमात ओता. तोंडाशी थोडं जास्त शिसं राहू द्या, गोठताना गोळी तिथून ओढून घेते. दहा-पंधरा सेकंदांनी साचा उघडा. पहिल्या चार-पाच गोळ्या वाईटच येतात, त्या पुन्हा कढईत.

दोऱ्यासाठी आरपार भोक हवं असेल तर सायकलच्या चाकाची २ मिलीमीटरची तार काजळी धरून साच्यात ठेवा. गोळी कोमट असतानाच ती पिळून ओढा.

१०. शिसं कढईतून फुटून उडालं. का?

पाणी. पृष्ठभागावर पडलेला घामाचा थेंब बहुधा चुरचुरून निघून जातो. पण ओला तुकडा शिशाच्या खाली गेला, तर त्यातल्या पाण्याची वाफ सुमारे १६००-१७०० पट जागा मागते आणि कढईतलं शिसं छतापर्यंत उडवते. म्हणून वितळलेल्या शिशात नवं भंगार थेट कधी टाकू नका. पुढचा घाणा थंड कढईपासूनच करा, किंवा तुकडे कढईच्या काठावर तापवून मग चिमट्याने सोडा.

पाइपाचे बंद तुकडे आणि शिशाच्या दुमडलेल्या पत्र्यांत पाणी दडून बसतं. ते आधी कापून उघडा. जवळ पाण्याची बादली ठेवण्यापेक्षा कोरड्या वाळूची ठेवा.

११. साचा कशाचा करावा?

संगजिऱ्याचा (मऊ दगडाचा) दोन भागांचा साचा स्वस्त, घरी कोरता येतो आणि शेकडो गोळ्या देतो. अॅल्युमिनियमचा साचा वर्कशॉपमध्ये करून घेतला तर आयुष्यभराचा. कोरड्या सागवानाचाही चालतो, पण वीसेक गोळ्यांत आतून जळून आकार बिघडतो.

प्लास्टर ऑफ पॅरिस टाळा. सोलापूरच्या उन्हात चार दिवस ठेवलं तरी ते कोरडं होत नाही, कारण पाणी त्याच्या कणांतच बांधलेलं असतं. गरम शिसं पडलं की ते सुटतं आणि शिसं तोंडातून थुंकल्यासारखं बाहेर येतं.

नव्या साच्याच्या आत मेणबत्तीची काजळी धरा, गोळी सुटी निघते.

१२. गोळ्या नीट येत नाहीत: सुरकुत्या, पोकळी, कडेला पापुद्रे. आणि जाळ्याला दाबताना तडकतात.

सुरकुत्या आणि अर्धवट भराव म्हणजे साचा थंड. गोळी पांढुरकी आणि खरखरीत असली तर साचा किंवा शिसं जास्त तापलं, दोन मिनिटं थांबा. आत पोकळी म्हणजे तोंडाशी शिसं कमी पडलं. पापुद्रे म्हणजे साच्याचे भाग घट्ट बसले नाहीत किंवा मध्ये शिशाचा कण अडकला.

तडकण्याचं कारण वेगळं आहे, ते धातूतच आहे. दाबून बसवायच्या गोळीला मऊ शिसंच हवं: सांध्याचं, पत्र्याचं किंवा चिकटपट्टीच्या वजनांचं. क्लिपवाल्या वजनांचं शिसं आरपार भोकाच्या गोळ्यांसाठी ठेवा.

१३. शिशात जस्त मिसळलं गेलं. शुद्ध करता येईल का?

पृष्ठभागावर भिजलेल्या रव्यासारखा थर येतो, तो काढला तरी पुन्हा येतो आणि शिसं साच्यात भरत नाही. ही जस्ताची खूण. घरी ते वेगळं काढायच्या भानगडीत पडू नका, त्याला लागणारं तापमान आणि धूर घरच्या आवाक्यातला नाही. मोठ्या, साध्या आकाराच्या वजनांसाठी वापरा, होडीच्या नांगराला चालेल. चांगल्या शिशात थोडं थोडं घालून संपवू असं म्हणाल, तर सगळाच माल नासेल.

१४. घरात लहान मूल आहे. धुराचा त्रास होईल का?

४५० अंशांखाली शिशाची वाफ फार कमी असते. खरा धोका मळीच्या बारीक धुळीचा आणि हाताला लागलेल्या शिशाचा. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी नाही. गरोदर बाईने आणि मुलांनी त्या जागेजवळ येऊ नये.

काम चालू असताना तंबाखू, विडी, चहा काहीही नाही, हात तोंडाला लागतोच. संपल्यावर साबणाने हात, तोंड आणि नखं धुवा, कपडे वेगळे धुवा, बूट बाहेरच ठेवा. जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, पण कढई पूर्ण थंड झाल्यावर. घरातल्या बंद खोलीत किंवा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ हे काम करू नका.

वर्षातून अनेकदा ओतत असाल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर किंवा जास्त आलं, तर ते कुठून येतंय हे शोधून थांबवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

१५. उरलेली मळी कुठे टाकायची?

गटारीत, उकिरड्यावर, शेतात कुठेच नाही. थंड आणि कोरडी असताना घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, वर ‘शिशाची मळी’ असं लिहा. तिच्यात शिसं भरपूर असतं, त्यामुळे नोंदणीकृत शिसं पुनर्वापर करणाऱ्याला ती हवी असते. पाणी टाकून थंड करू नका (कारण प्रश्न ५ मध्ये आहे).

१६. एक जण केबलचं शिसं निम्म्या भावात देतोय. घेऊ का?

जुन्या टेलिफोन आणि विजेच्या जमिनीखालच्या केबलला शिशाचं वेष्टन असतं, आणि ते शिसं चांगलं असतं. पण निम्मा भाव हीच धोक्याची खूण. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. रेल्वेचा माल असेल तर १९६६ चा वेगळा कायदा लागतो, आणि सोलापूर हे रेल्वेचं विभागीय मुख्यालय आहे. दुकानाचं बिल मिळत नसेल तर सोडून द्या. बिल जपून ठेवा.

१७. याच पद्धतीने बंदुकीच्या गोळ्या किंवा छर्रे ओतता येतील का?

परवान्याशिवाय नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे गोळ्या बनवायचा परवाना नव्हे. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली किमान सात वर्षांची शिक्षा आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शेतातली रानडुकरं हे कारण पुष्कळदा पुढे येतं. त्यासाठी वन विभागाकडे अर्ज करा. या विषयावरचे पुढचे प्रश्न आम्ही घेत नाही.

१८. शिसं नकोच असेल तर दुसरं काय लावता येईल?

पाण्यात वस्तूचं वजन घटतं, ते मोजून ठरवा. १०० ग्रॅम शिसं पाण्यात ९१ ग्रॅमचं काम करतं, लोखंड ८७ चं, दगड साधारण ६३ चं आणि भाजलेल्या मातीचा मणी ५० च्या आसपास. म्हणजे लोखंडी नट शिशाच्या फारसा मागे नाही. फक्त तो गंजतो आणि कडांनी दोरा कापतो, म्हणून पागाला त्रासदायक. गळाला आणि लावून ठेवायच्या जाळ्याला मात्र उत्तम. कुंभाराकडून मातीचे मणी करून घेतले तर शिशाच्या पावणेदोन-दोन पट वजन लावावं लागतं.

गळाच्या बारीक गोळ्यांपुरतं तरी शिसं सोडावं असं आमचं मत आहे. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) तुटला की त्या तळाशी राहतात, आणि खडे गिळणारे पाणपक्षी खड्यांबरोबर त्याही गिळतात. ब्रिटनने १९८७ मध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या गोळ्यांवर याच कारणाने बंदी घातली. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी आणि बदकं उतरतात तीही अशाच उथळ चिखलात, जिथे गळ सगळ्यात जास्त अडकतात.